डाव्या पिळाचे दाणे

आई पडली तेव्हा मी शहराबाहेरच्या एका तळ्यात गुडघाभर पाण्यात उभा होतो. फोन काठावर, चपलांच्या शेजारी, रुमालात गुंडाळून ठेवला होता. बाहेर येऊन पाहिलं तर सात मिस्ड कॉल, सगळे एकाच अनोळखी नंबरवरून. तो नंबर मंडईतल्या एका फुलवाल्या बाईंचा निघाला. आई भाजी घेऊन पायऱ्या उतरताना घसरली होती. खुब्याचं हाड मोडलं होतं.

आई तेव्हा अडुसष्ट वर्षांची होती. मंडईच्या मागच्या गल्लीत एका सराफाच्या ओटीवर बसून ती तीस वर्षं मंगळसूत्रं गाठवून देत आली. काळे मणी, सोन्याचे मणी, वाट्या आणि दोरा, सगळं मांडीवरच्या पांढऱ्या फडक्यावर पसरलेलं असायचं. वडील गेल्यावर आम्ही धायरीला फ्लॅट घेतला, तरी ती दोन बस बदलून रोज गल्लीत जायची. घरी बसून काय करू, म्हणायची.

मी तेहतीस वर्षांचा होतो, लग्न झालेलं नव्हतं, पीएचडीचं तिसरं वर्ष चालू होतं. विषय होता शेवाळ. शेवाळ म्हटलं की हिरवा बुळबुळीत थर डोळ्यांसमोर येतो, पण हे तसलं नव्हे. हे स्वच्छ, उथळ पाण्यात वीतभर वाढतं. त्याला उसासारखी पेरं असतात आणि प्रत्येक पेराशी छत्रीच्या काड्यांसारख्या बारीक फांद्या. हातात घेतलं तर खरखरीत लागतं, कारण त्याच्या अंगावर चुन्याचं कवच असतं. पाण्यात चुना विरघळलेला असतोच. उन्हात स्वतःचं अन्न तयार करताना हे शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं. मग तेवढा चुना पाण्यात विरघळून राहू शकत नाही आणि कॅल्साइट होऊन शेवाळाच्या अंगावर बसतो. त्याच्या बारीकशा फळावरही बसतो. पुढे शेवाळ मरतं, कुजून जातं, पण खसखशीएवढा तो चुन्याचा दाणा तळाच्या चिखलात हजारो वर्षं टिकतो. तो तयार झाला तेव्हा तळ्याचं पाणी गरम होतं की गार, पाऊस बरा होता की तळं आटत चाललं होतं, हे त्या दाण्याच्या रसायनावरून काढता येतं. मी ते काढायला शिकत होतो. आई लोकांना सांगायची, "चिखल चाळतो."

ऑपरेशन झालं. तीन महिन्यांनी ती वॉकर धरून पलंगापासून बाथरूमपर्यंत जायला लागली, आणि सुधारणा तिथेच थांबली. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. इमारतीत लिफ्टसाठी जागा सोडलेली होती, पण लिफ्ट काही बसली नाही. त्या खड्ड्यात सगळ्यांच्या जुन्या सायकली पडलेल्या असत. दवाखान्यातून येताना चार माणसांनी आईला खुर्चीत बसवून वर आणलं, आणि मग जवळजवळ तीन वर्षं ती खाली उतरली नाही.

मीही फारसा उतरलो नाही. सकाळी आठ ते दहा एक मावशी यायच्या, आईची आंघोळ, कपडे, केस सगळं करायच्या. ते दोन तास माझे. त्यांत दूध, भाजी, औषधं, बँक. बाकी वेळ मी घरात. आई उठून दार उघडू शकत नव्हती. एकटीने बाथरूमला जाताना तोल जायचा, म्हणून मागे कुणीतरी लागायचं. मी दुसऱ्या खोलीत बसून लिहायचा प्रयत्न करायचो आणि सगळं लक्ष वॉकरच्या टकटकीकडे असायचं. समोरच्या फ्लॅटमधले काका जिन्यात भेटले की विचारायचे, "काय, आजही घरूनच संशोधन?" मी हसायचो. चिडलो असतो तर त्यांना आणखी मजा आली असती.

माझ्या तळ्यावर आता दुसरा विद्यार्थी जाऊ लागला. ग्रुपवर तो फोटो टाकायचा. पाण्यात उभा, हातात माझीच गाळ काढायची नळी. मी ते फोटो मोठे करून त्याच्या मागचा काठ बघत बसायचो. एकदा आईने चहात साखर कमी आहे म्हटलं, आणि मी तिच्या हातातला कप घेऊन चहा बेसिनमध्ये ओतून टाकला. नवा चहा केला नाही. ती तोंड भिंतीकडे करून पडून राहिली. संध्याकाळी मावशींचा फोन आला तेव्हा त्यांना म्हणाली, "आज चहाला सुट्टी होती."

माझ्या गाइड मॅडम एकदा धापा टाकत तीन मजले चढून आल्या. आईशी गप्पा मारल्या, गॅलरी बघितली आणि मला म्हणाल्या, "ऊन चांगलं येतं की इथे. तुला तळ्यावर जाता येत नाही ना? मग तळं घरी आण."

त्यांचं म्हणणं साधं होतं. जुने दाणे वाचायचे तर आधी खात्री हवी की हे शेवाळ पाण्याची नोंद नेमकी कशी करतं. ज्या पाण्याचं तापमान आपल्याला रोज माहीत आहे अशा पाण्यात ते वाढवायचं आणि मग त्याच्या कवचात काय उतरलंय ते तपासायचं. मी लोणच्याच्या अकरा बरण्या आणल्या, तळाशी गाळ घातला, शेवाळ रोवलं, वर हिरवी जाळी बांधली. सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी सहा, अशी रोज पाण्याच्या तापमानाची नोंद. पाणी कमी झालं की नळाचं पाणी भरायचं.

शेवाळ छान रुजलं. मला मात्र घराशी बांधून ठेवणाऱ्या आता दोन गोष्टी झाल्या. पूर्वी मावशी एखाद्या दिवशी बाराएकपर्यंत थांबायला तयार असायच्या. आता त्या थांबल्या तरी एकच्या आकड्यासाठी मला परतावं लागे. आई पलंगावरून बघायची. "माझ्यापेक्षा बरं आहे त्यांचं," म्हणाली एकदा, "दिवसातून तीनदा चौकशी होते."

मग त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये एका शनिवारी मॅडमचा फोन आला. "तळ्यातला गाळ उपसायला सोमवारपासून मशीन येतंय. तळाचे थर जसेच्या तसे हवे असतील तर उद्याच काढावे लागतील. नंतर तिथे काही उरणार नाही. बाकीचे येतायत, तू नाही आलास तरी चालेल."

मला ते चालणार नव्हतं. रविवारी मावशींची सुट्टी. समोरचे काका मुलीकडे गेलेले. मी सकाळी आईला बाथरूमला नेऊन आणलं, उशाशी पाण्याची बाटली, फोन आणि दोन केळी ठेवली.

"दोन-अडीच तासांत येतो."

"जा," ती म्हणाली. "मी कुठे पळून जाणार आहे?"

दाराचं लॅच बिघडलं होतं. मी बाहेरून कुलूप लावलं.

ते थर आम्ही काढले. नळी तळात ठोकत न्यायची आणि न हलवता वर काढायची. माझे हात ते काम विसरले नव्हते. पाण्यात उभा होतो तेवढा वेळ मला घराची एकदाही आठवण झाली नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नंतर कुणीतरी वडापाव आणले, आम्ही बांधावर बसून खाल्ले, आणि मी आणखी अर्धा तास थांबलो. थांबायची काही गरज नव्हती. परतताना सिंहगड रस्त्यावर गाड्या खोळंबलेल्या. आईला फोन लावला, तिने उचलला नाही. झोपली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. घरी पोहोचलो तेव्हा मला निघून साडेसहा तास झाले होते.

कुलूप काढून आत शिरलो तर आई बाथरूमच्या उंबऱ्याशी जमिनीवर बसलेली होती, पाठ भिंतीला टेकलेली. वॉकर आडवा पडला होता. साडी ओली होती. फोन पलंगावरच होता.

मी तिला उचललं, कपडे बदलले. आयुष्यात पहिल्यांदाच. दोघंही एकमेकांकडे न बघता. कुठे मोडलं नव्हतं, फक्त कोपर सोललं होतं. ती साधारण चार तास तशी बसून होती.

"जिन्यात कुणी आलं-गेलं नाही का?" मी विचारलं. "हाक मारायचीस ना!"

"आले की. दुसऱ्या मजल्यावरची मुलं आली, पेपरवाला बिल घेऊन आला, कुलूप बघून परत गेला."

"मग?"

"हाक मारली असती तर कुलपाआड मी आहे हे कळलं असतं त्यांना," आई म्हणाली.

त्यानंतर आठवडाभर मी तिच्याशी कामापुरतंच बोललो, जणू चूक तिची होती. गाळाच्या पिशव्या गॅलरीत तशाच पडून राहिल्या. त्या उघडायची मला लाज वाटत होती. शेवटी एका दुपारी आईच म्हणाली, "वास सुटेल त्या चिखलाला. आणलायस ना एवढा? मग धू तरी."

मी एकेका थराचा चिखल पाण्यात भिजवून बारीक चाळणीतून धुवायला लागलो. चाळणीवर जो कचरा उरतो त्यात शंखांचे तुकडे, वाळू, मुळं आणि मधूनच ते दाणे असतात. सूक्ष्मदर्शकाखाली धरून ओल्या कुंचल्याच्या टोकाने ते एकेक वेचायचे. मला तासाला जेमतेम एक वाटी कचरा तपासून व्हायचा आणि मान आखडायची. आई बघत होती.

"दे इकडे. माझं भिंग कपाटात आहे, वरच्या खणात. आणि पांढरं नको, काळं फडकं दे."

काळ्या फडक्यावर पांढरे दाणे उठून दिसतात हे मला तीन वर्षांत सुचलं नव्हतं. पलंगाला टेकून, मांडीवर पाट घेऊन तिने पहिल्या दिवशी एवढे दाणे वेचले की मला तपासायला दोन दिवस लागले. त्यांत वाळूचा कण एकही नव्हता. तिसऱ्या दिवशी तिने मला हाक मारली.

"ह्यांच्या अंगावर पीळ आहे रे. दोऱ्याला असतो तसा."

"हो. पाच पट्ट्या असतात, गुंडाळलेल्या."

"सगळ्यांचा पीळ डावाच कसा? मी मुद्दाम उजवा शोधतेय, सापडत नाही."

हे पुस्तकात वाचायला मला एक सत्र लागलं होतं. "उजव्या पिळाचे होते पूर्वी," मी म्हटलं. "ते संपले. माणूस जन्माला यायच्या कितीतरी आधी."

"मग आपल्यावर आळ नाही," असं म्हणून ती पुन्हा भिंगावर वाकली.

तिच्या त्या वेचण्यातून हळूहळू तळ्याची हकीकत उलगडली. सर्वांत खालच्या थरांत दाणे भरपूर, म्हणजे पाणी उथळ, स्वच्छ आणि वर्षभर राहणारं. मग हातभर चिखलात एकही दाणा नाही, नुसता भेगाळून पुन्हा जुळलेला राखाडी गाळ. तळं बरीच वर्षं कोरडं पडत असावं. त्यावर दाणे परत सुरू होत होते. आणि अगदी वरची वीतभर काळी माती पुन्हा रिकामी.

"इथे परत आटलं का?" आईने विचारलं.

"नाही. इथे सांडपाणी यायला लागलं. पाणी गढूळ झालं की ह्याला ऊन मिळत नाही, मग ते जगत नाही."

ओळखीचे लोक म्हणायचे, बरं झालं, आईंना विरंगुळा मिळाला. मीही एकदा तिला तसंच म्हणालो. तिने कुंचला खाली ठेवला. "विरंगुळा नको होता मला. मला खाली जायचं होतं. ते होत नाही म्हणून हे करतेय." मग पुन्हा कुंचला उचलला. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. खाली नेणं म्हणजे चार माणसं गोळा करा, खुर्ची आणा, परत वर आणा. शिवाय मी स्वतः अडकलेला असताना तिच्या अडकण्याचा विचार करायला माझ्याकडे जागाच नव्हती.

नव्या वर्षात, जूनच्या सुमारास, बरण्यांमधल्या शेवाळाची तपासणी झाली. हे शेवाळ शेंड्याकडून वाढतं. खालची पेरं जुनी, वरची नवी. त्यामुळे एकेका पेरावरचं कवच वेगळं खरवडलं की महिन्यामागून महिना कळतो. खालची पेरं माझ्या तापमानाच्या वहीशी जुळत होती. पण वरच्या एका पेरापासून पुढे मॅग्नेशियम एकदम वाढलेलं होतं, नुसत्या तापमानाने वाढणार नाही इतकं. अकराही बरण्यांत तेच. मला वाटलं, माझ्या हातून काहीतरी बिघडलं, दीड वर्ष फुकट गेलं. कागद पसरून मी जेवायच्या टेबलाशी डोकं धरून बसलो होतो.

"काय झालं?" आई.

"पाणी बदललंय म्हणतायत हे. मी तर तेच पाणी घालत होतो, नळाचं."

"नळाचं पाणी तेच आहे असं तुला कुणी सांगितलं?" ती म्हणाली. "संक्रांतीपासून कानीकपाळी ओरडतेय, डाळ शिजत नाही. पाच शिट्ट्या झाल्या तरी दाणा डोळे वटारून बघतो. तुझं उत्तर काय? तुरीची डाळ बदल. दोन दुकानं बदललीस, डाळ बदलली. पाणी बदललंय का, बघितलंस?"

मी चपला घालून खाली गेलो. वॉचमन गेटाशी बसला होता.

"बोअर आटला की," तो म्हणाला. "संक्रांत झाली अन् टँकर चालू झाला. लांबच्या हिरीचं पाणी हाय ते, लई जड. नोटीस लावलीवती जिन्यात. तुमी वाचली न्हाई का?"

मी वाचली नव्हती. नोटीस तळमजल्यावर लावलेली होती आणि मी जिना नेहमी पळत उतरायचो, मावशींची वेळ संपायच्या आत परतायला. माणसाने चुकवलेली गोष्ट शेवाळाने नेमक्या पेरावर टिपून ठेवली होती. मॅडमना फोन करून सांगितलं तर त्या म्हणाल्या, "हे लिही. बाकीचं नंतर बघू."

तेच माझ्या प्रबंधातलं सगळ्यांत भक्कम प्रकरण ठरलं. पुढच्या वर्षी तोंडी परीक्षा ऑनलाइन झाली, त्याच खोलीत. आईला मी गप्प राहायला सांगितलं होतं आणि ती पूर्ण वेळ खरंच गप्प राहिली.

पदवीनंतर महिन्याभरात दक्षिणेतल्या एका प्रयोगशाळेकडून विचारणा आली. दोन वर्षांचं काम, तळ्यांच्याच गाळाचं. मी आईला न विचारता नाही म्हणून कळवून टाकलं आणि मग तिला सांगितलं. तिने विचारलं, "माझ्यासाठी?" मी म्हटलं, "मग काय करू?" मला वाटलं होतं ती डोळे पुसेल, निदान हात तरी हातात घेईल. ती म्हणाली, "मला मध्ये घालायचं तर आधी विचारायचंस." त्या रागात मी दोन दिवस जेवलो नाही.

त्या पावसाळ्यात आईला उचलताना माझ्या कमरेत उसण भरली, ती साधी नव्हती. मणक्यातली गादी सरकलेली. डॉक्टरांनी चार आठवडे वजन उचलायला सक्त मनाई केली. उपाय नव्हता. बिबवेवाडीतल्या एका वृद्धाश्रमात आईची महिनाभराची सोय केली. चार माणसं आली, खुर्ची आली, आई जिना उतरली. मी मागून भिंतीला धरून हळूहळू उतरलो. गाडीत बसताना मी तिला म्हटलं, "महिन्याचाच प्रश्न आहे. लगेच परत आणतो." तिने मान हलवली.

तिथे तिची खोली तळमजल्यावर होती. दाराबाहेर उतार केलेला, पुढे फरशीचं अंगण, बदामाचं झाड, आणि कुंपणापलीकडे रस्ता, रिक्षा, भाजीची गाडी. तिला चाकाची खुर्ची मिळाली. मी दहा दिवसांनी पट्टा बांधून भेटायला गेलो तर ती खोलीत नव्हती. कुंपणाशी खुर्ची लावून भाजीवाल्याशी गवारीवरून हुज्जत घालत होती. गवार तिला घ्यायचीच नव्हती.

महिना संपला. मी तिचं सामान भरायला पिशवी घेऊन गेलो.

"पिशवी परत ने," आई म्हणाली. "मी इथेच राहते."

"माझ्यामुळे म्हणतेस का? माझी कंबर आता..."

"तुझ्या कमरेचा काय संबंध?" तिने मला मध्येच तोडलं. "इथे मी सकाळी उठून स्वतः बाहेर जाते. कुणाची वाट बघत नाही. तुझ्या त्या तिसऱ्या मजल्यावर मला परत नेऊ नकोस."

मला ते खूप लागलं. तीन वर्षं मी स्वतःला तिच्यापायी अडकलेला समजत होतो. ती माझ्या घरात अडकली होती हे मला कळलं नव्हतं, आणि किल्ली कायम माझ्या खिशात होती. मी विचारलं, "मग आधी का नाही बोललीस?"

"बोलले होते," ती म्हणाली. "तू डाळ बदललीस."

प्रयोगशाळेतली जागा तोपर्यंत भरली होती. मी विचारून पाहिलं, त्यांनी सभ्यपणे कळवलं. आता मी एका कॉलेजात शिकवतो आणि धायरीच्या त्याच फ्लॅटमध्ये राहतो. मावशी येत नाहीत. मला कधीही, कितीही वेळ बाहेर जाता येतं.

दर रविवारी दुपारी मी बिबवेवाडीला जातो. गेल्या खेपेला आई चार बायकांबरोबर पत्त्यांच्या डावात होती. मला बघून म्हणाली, "तासाभराने ये ना. आत्ता डाव रंगलाय." मी बाहेर आलो, स्कूटर चालू केली आणि गेटाशी तसाच उभा राहिलो. एक तास होता हातात. कुठे जावं, ते मला सुचेना.